पहिल्या गठाणीवरचे हूक

माझ्या नाकावर राग असतो, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. असू दे. त्या रागाच्या जोरावर मी एकदा हिंगणघाटच्या एका जिनात जे केलं, त्याचा मला आजही अभिमान आहे, आणि तो लपवून ठेवायचं माझं वय आता राहिलं नाही.

जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायची आणि राहिलेली रुई दाबून तिच्या गठाणी बांधायच्या, तो कारखाना. माझा बाप तिथं हमाल होता. एक गठाण चार-पाच जणांनी मिळून हलवायची, म्हणून हमालांची टोळी असायची आणि मजुरीही टोळीचीच. गठाणीमागे भाव ठरलेला. बाजाराच्या दिवशी सगळ्या टोळीचा मिळून हप्ता, म्हणजे आठवड्याची मजुरी, यायचा आणि तो वाट्यांनी वाटला जायचा.

वाटे किती, हे हंगामाच्या पहिल्या दिवशी ठरायचं. प्रेसमधून पहिली गठाण बाहेर आली की मालक नारळ फोडायचे आणि मग एकेक हमाल पुढं होऊन आपला लोखंडी हूक त्या गठाणीवर ठेवायचा. जितके हूक, तितके वाटे. लिहिणं नाही, सही नाही. टोळीत आमच्यासारखे जयभीमवाले होते, कुणबी होते, तेली होते. दसऱ्याला अर्धी टोळी नागपूरला जायची, म्हणून हा मुहूर्त मुद्दाम दसरा उलटल्यावर ठेवत. नारळ मालकांचा, पण हूक सगळ्यांचे.

आणि यात एक गोष्ट अशी होती की ती मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिली नाही. टोळीतला एखादा कामात जखमी होऊन किंवा आजारी पडून घरी असला, तर त्याचाही हूक गठाणीवर ठेवायचे. फक्त तो टोळीतल्या माणसानं ठेवायचा नाही, टोळीबाहेरच्या कोणी तरी ठेवायचा. आणि जो ठेवेल तो त्या वाट्याचा जामीन. दर हप्त्याला तो वाटा घरी पोचला की नाही, हे त्यानं पाहायचं. टोळीतल्यांनी आपसात गडबड करू नये, म्हणून कोण्या जुन्या शहाण्या माणसानं हे बसवून दिलं असेल.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हंगामात थप्पीवरची एक गठाण सरकली आणि माझ्या बापाच्या कमरेत बसली. तो आधी दवाखान्यात आणि मग घरी, खाटेवर. पुढच्या मुहूर्ताला त्याचा हूक जिनाच्या फाटकावरच्या चौकीदारानं ठेवला. मी शाळेच्या फ्रॉकमध्ये तिथं उभी होते. चौकीदार म्हातारा, तिरसट, पोरांना फाटकाच्या आत पाय ठेवू द्यायचा नाही. पण पुढं माझं कॉलेज संपेपर्यंत दर हंगामात तो दर बाजाराच्या दिवशी आमच्या दारात यायचा, खाकरायचा आणि वाटा माझ्या आईच्या हातात देऊन निघून जायचा. चहा घेतला नाही कधी. मी त्याच वाट्यावर शिकले. माझी वह्या-पुस्तकं, माझी कॉलेजची फी, सगळं त्या हमालांच्या पाठीतून आलं. हे मी कोणालाही मान वर करून सांगते.

बाप नंतर उठला, पण वाकून. गठाण उचलणं संपलं. त्याचा हूक घरात खुंटीला टांगलेला राहिला.

मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले आणि नागपूरला राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला. आई सगळ्यांना सांगायची, "पोरगी टायपिंग शिकून राह्यली." तिला वाटायचं, टायपिंग म्हटलं की लग्नाच्या बाजारात कळतं तरी. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं आणि त्याच सुमारास आमच्याच जिनाच्या मालकांनी कॉम्प्युटर घेतला. त्यांच्या व्याह्यांनी नागपुरात घेतला होता, म्हणून यांनीही. घेतल्यावर कळलं की तो चालवायला माणूस लागतो. कोणी तरी सांगितलं, आपल्या जुन्या हमालाचीच पोरगी ते शिकून आली आहे.

मालक तेव्हा पन्नाशीचे. जिन त्यांच्या वडिलांनी उभारलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण चिक्कू. दिवसाउजेडी दिवा दिसला की स्वतः उठून बंद करायचा. कॉम्प्युटरसाठी मात्र त्यांनी एक खोली बांधली, खाली गुळगुळीत फरशी, भिंतीत गार हवेचं यंत्र. आणि कडक नियम: आत जायचं तर चपला बाहेर. जिनात सगळीकडे रुईचा फुफाटा आणि या खोलीत देवघराची शांतता. रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, काम करणाऱ्या बाया दारातून डोकावायच्या आणि म्हणायच्या, "मायबाई, मशीनले थंडी लावतेत आन् आमाले पंखा नाई."

त्या खोलीत आम्ही तिघं. मी प्रोग्राम लिहायची. दुसरा एक आयटीआय झालेला पोरगा, आर्वीकडच्या रोहण्याचा. मशीन, प्रिंटर, वायरी सगळं त्याच्याकडे. स्क्रू फिरवायचा पेचकस कायम त्याच्या खिशात, जेवतानासुद्धा. आणि तिसरी ऑपरेटर, वडनेरची, रोज एसटीनं यायची. वजनकाट्याच्या शेकडो चिठ्ठ्या ती मशीनमध्ये भरायची. तिच्याजवळ शाळेतली एक लाकडी पट्टी होती. ती पट्टी ओळीखाली धरायची, आकडा टाकायची, पट्टी खाली सरकवायची. माझ्या प्रोग्राममधली एकही चूक तिच्या नजरेतून सुटायची नाही. "ताई, हे तुमचं मशीन खोटं बोलून राह्यलं," असं म्हणायची, की मी समजायची, आता बसा परत. वडील गेलेले, घरी आई आणि दोन लहान भाऊ. सगळं हिच्या पगारावर.

मालकांना पहिल्यांदा हवा होता हमालांच्या हप्त्याचा प्रोग्राम. त्यांनी मला बसवून सांगितलं, हजेरी टाकायची, जो आला त्याला पैसे, जो आला नाही त्याला नाही.

मी म्हटलं, "मालक, टोळीचा हप्ता हजेरीवर नसते. हुकावर असते."

"अवं, ते जुनं झालं. आता मशीन आलं ना?"

"मशीन आलं म्हणून हमाल बदलले काय?"

मी घरी असलेल्याचा वाटाही प्रोग्राममध्ये टाकला. त्याच्या नावासमोर एक जागा ठेवली, त्यात जामिनाचं नाव. ते पाहून मालक चिडले. "जो कामावरच नाई, त्याचं नाव मशीनमधी कायले?" मी सांगितलं, "तुमच्या खिशातलं काही जात नाई, हप्ता तेवढाच राहते. पण हे नाव नसलं, तर टोळी तुमच्या मशीनच्या चिठ्ठीले हातही लावणार नाई. लावून पाहा." मालकांनी मान हलवली, म्हणजे हो म्हटलं असं मी धरलं.

पहिला हप्ता मशीननं काढला तो दिवस मी विसरणार नाही. प्रिंटर करकर करत होता, बाहेर सगळी टोळी गोळा झालेली. मुकादम, म्हणजे टोळीचा म्होरक्या, माझ्या बापाचा जोडीदार. त्यानं चिठ्ठी उलटीसुलटी पाहिली. त्या हंगामात हाताचं हाड मोडून एक हमाल घरी होता. मुकादमानं एवढंच विचारलं, "त्याचं नाव हाये काय याच्यात?" मी बोट ठेवून दाखवलं. त्यानं चिठ्ठी खिशात घातली आणि ओरडला, "चला रे, मशीन आपलीच हाये!" लोक सुवर्णपदकं भिंतीवर लावतात. मला त्या एका वाक्यात सगळी पदकं मिळाली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मालकांनी मला आणि त्या रोहण्याच्या पोराला आर्वीच्या एका जिनात पाठवलं, "ओळखीचे आहेत, जरा मशीन लावून द्या" म्हणून. आम्ही गेलो, लावून दिलं. निघताना तिथले मालक खुशीत येऊन म्हणाले, "पोरी, तुमच्या मालकानं किंमत चांगली घेतली हो. पण घरी असलेल्याचा वाटा यात आहे असं त्यांनी सांगतलं, आन् आमच्या टोळीनं ते ऐकलं, मंग म्या नाई म्हणलंच नाई. मागच्या साली एकानं मशीन दाखवलं होतं, हमालांनी त्याले फाटकातूनच परतवलं."

किंमत? कसली किंमत? आम्हाला वाटलं होतं, मैत्रीत दिलं. येताना बसमध्ये कळलं की प्रोग्राम पुलगावलाही विकला आहे, आणि वणीच्या जिनाशी बोलणं चालू आहे. त्या पोराला हे आधीच कुठून तरी माहीत होतं, माझ्या रागाला भिऊन तो बोलला नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लिहायचं, त्यानं वायरी ओढत गावोगाव फिरायचं, तिनं डोळे फोडून चुका काढायच्या, आणि प्रोग्राम विकून मालक व्याह्यांपुढं मिशीला पीळ देणार! आणि आम्हाला काय? बसचं भाडं!

मी दुसऱ्याच दिवशी भांडणार होते. पण दुसऱ्या दिवशी ऑपरेटर आलीच नाही. बऱ्याच दिवसांपासून तिला खोकला होता, ताप यायचा, मी म्हणायची, "दाखवून ये." शेवटी सेवाग्रामला दाखवलं. टीबी निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभर औषध, चांगलं खाणं आणि आराम. कामाचं नावही काढायचं नाही.

मालकांनी चालू महिन्याचा पगार दिला आणि तिचं नाव काढून टाकलं. म्हणाले, "बरी झाली की येजो म्हणावं, पाहू." बस. संपलं.

वडनेरला गेले तर ती अंगणात बसली होती, अंगावर शाल, उन्हाळ्यात! आई आत भांडी आपटत होती. थोरला भाऊ शाळा सोडून कोणाच्या तरी शेतात जायला लागला होता. ती मला म्हणाली, "ताई, औषध भेटते. पण डॉक्टर म्हणते दूध, अंडी. भाऊ आणते कुठून तरी, मले गिळत नाई. त्याच्या तोंडचं काढून खाऊन राह्यली मी." आणि मग लगेच, "माझी पट्टी नीट ठेवजा, नवीन येईल ते मोडून टाकेल."

परतताना बसमध्ये मला आमच्या दारात खाकरणारा चौकीदार आठवत होता.

दुसऱ्या दिवशी मी मालकांच्या खोलीत गेले. बसा म्हणाले, बसले नाही.

"मालक, तुमी प्रोग्राम आर्वीले विकला. पुलगावले विकला."

"विकला ना. मंग? काम्पुटर माझा, खोली माझी, लाईटचं बिल माझं. तुले पगार देतो तो काय फुकट?"

"पगार या जिनाच्या कामाचा घेतला. आर्वीचा हप्ता काढाचा पगार मले कोणं देल्ला?"

मालकांनी चष्मा काढून पुसला. मग एकदम मऊ झाले. "बरं, तुझं खरं. तुझा पगार दुप्पट करतो. खुश?"

खोटं कशाला बोलू? त्या क्षणाला माझ्या डोळ्यांपुढं घराचं गळकं छप्पर आलं. आईच्या पायात नसलेली वहाण आली. दुप्पट!

"तिघांचा?" मी विचारलं.

"तुझा. अवं, ते पोट्टं वायरी जोडते, तसे शंभर भेटतीन. आन् ते पोरगी तर घरीच बसली. तिले कायचे पैसे?"

"हमाल देतात ना घरी बसलेल्याले."

आता मालक हसले, म्हणजे खरंच हसले, आपला पत्ता बरोबर पडला असं वाटल्यासारखे. "हमाल देतात ते आपल्या पोटातून काढून देतात. तू माझ्या खिशातून मागून राह्यली. फरक हाये की नाई, सांग?"

फरक होता. मी गणित शिकलेली, मला तो दिसत होता. आणि तो दिसला म्हणूनच मला उत्तरही सापडलं.

मी म्हटलं, "बरोबर बोलले. मंग आमाले पोट तर द्या, मालक! हमालांचा गठाणीमागे भाव ठरलेला हाये. तो टोळीचा. त्यातून ते कोणाले किती देतात, तुमी कधी विचारता काय? तसाच आमचा भाव ठरवा. एक प्रोग्राम विकला की त्यातला इतका हिस्सा आमच्या टोळीचा. तुमचा तुमाले, आमचा आमाले. मंग आमी तो दोघांत वाटू का तिघांत, ते आमचं पोट आमी पाहू."

"जिन वेगळं, काम्पुटर वेगळं."

"वेगळं कसं? आर्वीले तुमी काय सांगून विकला? घरी असलेल्याचा वाटा याच्यात हाये, हेच ना? ज्या गोष्टीवर दुसऱ्याकडून पैसे घेतले, ते तुमच्याच खोलीत नाई!"

मालकांचा चेहरा लाल झाला. एवढं तोंड त्यांच्यापुढं कोणी चालवलं नव्हतं. म्हणाले, "जास्त बोलून राह्यली. नागपूरहून दुसरा माणूस आणीन."

"आणा. मुहूर्ताच्या आत काय ते सांगा. नाई सांगितलं, तर मी येणार नाई."

बाहेर आले. रागात सगळं बोलून झालं होतं, आता भीती वाटायला लागली. आमच्या घरात तेव्हा माझ्याशिवाय कमावतं कोण होतं?

घरी सांगितलं तर आईनं कपाळावर हात मारला. "दुप्पट पगार सोडून आली? तुह्या डोक्यात काय भुसा भरला काय व?" बाप खाटेवरून म्हणाला, "तुह्यावरच गेली ते." आई म्हणाली, "माझ्यावर? जिनात मुकादमाशी रोज कोण भांडे?" आणि ती दोघं आपसातच सुरू झाली. मला हसू फुटलं. त्या घरात कोणी कोणाला समजूत घालत नसे, पण जेवायला बसल्यावर आईनं माझ्या ताटात भाकर जास्त वाढली आणि विचारलं, "त्या वडनेरच्या पोरीले दूध तरी भेटते काय?" मी समजले.

रोहण्याचा पोरगा मात्र वाकडा बोलला. त्याचं लग्न ठरलं होतं. "ताई, आपल्या दोघांपुरतं माग ना. तिसरीचं नाव घेतलं म्हणून मालक अडले." मी त्याच्यावर अशी भडकले की प्रिंटरवरचा कागद फाटला. "उद्या तुले शॉक लागून तू घरी पडला, तर मी तुहं नाव काढू काय?" तो पेचकस घेऊन प्रिंटरमागे गेला. दोन दिवस त्यानं चहाही वेगळा घेतला. तिसऱ्या दिवशी चहाचा कप माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "तिघांचंच माग. पण मालकाले शिव्या नको देऊ, मले हसू येते."

मालक मुहूर्तापर्यंत काही बोलले नाहीत. ना हो, ना नाही. दसरा झाला, टोळी नागपूरहून परत आली, कापसाच्या बैलबंड्या फाटकाबाहेर रांगेत लागल्या. रेचे सुरू झाले. मुहूर्ताच्या सकाळी मी ठरवलं, की आता विचारायचं नाही, दाखवायचं.

मुकादमाला मी फक्त एवढं सांगून ठेवलं होतं, "काका, एक हूक बाहेरच्या माणसानं ठेवाचा हाये. तुमी ठेवसान काय?" तो म्हणाला, "कोणाचा, ते सांगत नाई?" मी म्हटलं, "तिथं सांगीन."

पहिली गठाण प्रेसमधून घरंगळून बाहेर आली. मालकांनी नारळ फोडला. एकेक हमाल पुढं होऊन हूक ठेवत गेला. शेवटचा हूक ठेवून झाला आणि लोक हलायला लागले, तेवढ्यात मी पुढं झाले. हातात माझी फ्लॉपी होती, ज्यात तो सगळा प्रोग्राम होता. ती मी गठाणीवर ठेवली.

सगळे थबकले. एक हमाल म्हणाला, "पोरी, याच्यानं गठाण उचलते काय?" सगळे हसले. मी म्हटलं, "हे आमच्या खोलीच्या टोळीचे हूक. हा माझा."

रोहण्याचा पोरगा पुढं आला. खिशातून पेचकस काढला आणि फ्लॉपीजवळ ठेवला.

मग मी पिशवीतून लाकडी पट्टी काढली. "हा तिसरा. ते वडनेरची, घरी हाये. तिचा हूक आमी दोघं ठेवू शकत नाई."

आता कोणी हसलं नाही. हमालांना पुढचं सांगायची गरज नव्हती. मुकादमानं हात पसरला. "दे इकडं. म्या ठेवतो."

"थांब," मालक म्हणाले.

मी मनात म्हटलं, झालं, आता हाकलणार. मालक गठाणीला वळसा घालून आले. नारळाचं पाणी अजून त्यांच्या बोटांना होतं. त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली, उलटीपालटी करून पाहिली. तिच्यावर ऑपरेटरनं शाळेत असताना शाईनं आपलं नाव घातलं होतं.

मुकादम म्हणाला, "मालक, जो ठेवते, तो जामीन राह्यते."

"मले नको शिकवू," मालक खेकसले. "माझ्या बापाच्या काळापासून पाहून राह्यलो." आणि त्यांनी ती पट्टी गठाणीवर, पेचकसाच्या बाजूला, नीट सरळ करून ठेवली.

मी रडले. सगळ्यांसमोर रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. मुकादम माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बापावर गेली." तो त्या दिवशी हे सतरा जणांना सांगत फिरला.

संध्याकाळी मालकांनी बोलावलं. तेच चिक्कू मालक, घासाघीस केलीच त्यांनी. मी मागितला त्याहून कमी हिस्सा ठरला, पण ठरला, आणि तो टोळीचा म्हणून ठरला. आम्ही तो तीन सारख्या वाट्यांत वाटला. माझा पगार दुप्पट झाला नाही. छप्पर आणखी दोन पावसाळे गळलं. आईनं गळतीखाली पातेलं ठेवताना एकदाही टोमणा मारला नाही, आणि तिच्यासारख्या बाईच्या तोंडून टोमणा न येणं म्हणजे काय, ते ज्यांनी तिला ओळखलं त्यांनाच कळेल. पुढं वणीच्या जिनानंही प्रोग्राम घेतला. त्यांच्या टोळीला समजावायला मी गेले तेव्हा मालकांनी बसचं भाडं नाही, जीप दिली.

मी पुढं मोठ्या शहरात मोठ्या कंपनीत काम केलं. तिथं नफ्यात भागीदारीवर लांबलचक भाषणं ऐकली. पडद्यावर चित्रं दाखवत बोलायचे. मी मागच्या रांगेत बसून मनात म्हणायची, बोला बाप्पा, आमच्या हिंगणघाटात हे एका लाकडी पट्टीवर झालं होतं.

ऑपरेटर वर्षभरानं बरी होऊन परत आली, तेव्हा तिनं मला पहिल्या हप्त्याची गोष्ट सांगितली. बाजाराचा दिवस. ती अंगणात बसलेली. दारात जीप थांबली आणि मालक उतरले. तिला वाटलं आता काही तरी सही घ्यायला आले, कामावरून कायमचं काढलं असं लिहून घ्यायला. मालक अंगणाच्या कडेला आले आणि सवयीनं चपला काढून उभे राहिले.

ती म्हणाली, "मालक, हे आमचं आंगण हाये, काम्पुटरची खोली नाई. चपला घाला, काटे हायेत."

मालकांनी चपला घातल्या नाहीत. ते खाकरले आणि पाकीट तिच्या आईच्या हातात दिलं.

तिला काही कळेना. हमालांच्या हप्त्याचे आकडे तिनंच मशीनमध्ये भरले होते, तिला रिवाज ठाऊक होता, पण तो हमालांसाठी असतो, आपल्यासाठी नाही, असंच तिला वाटत आलं होतं. तिनं विचारलं, "माझा हूक ठेवला? कोणं ठेवला?"

मालकांनी वाकून तळव्यातला काटा काढला.

"म्या ठेवला," ते म्हणाले.